गाडी सुरू होत नाही आणि चावीचा दिवा लुकलुकतोय: इमोबिलायझरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यालगत वापरल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी ही माहिती आहे. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि गावच्या घरी आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी, या तीन गोष्टींमुळे इथे चोरी-रोधक यंत्रणेच्या, म्हणजे अलार्मच्या आणि चावीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या इमोबिलायझरच्या, तक्रारी जरा वेगळ्या तऱ्हेने येतात. दिव्यांच्या खुणा आणि फ्यूजच्या जागा मॉडेलनुसार बदलतात, त्यामुळे गाडीचं माहितीपुस्तक हाताशी ठेवूनच पुढचं वाचावं.

दोष इमोबिलायझरचाच आहे, हे कसं ओळखायचं?

चावी फिरवल्यावर गाडी काय करते ते नीट ऐका आणि मीटरकडे बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

नुसती टकटक होते आणि मीटरचे दिवे मंदावतात: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. यात चोरी-रोधक यंत्रणेचा संबंध क्वचितच असतो.

सेल्फ जोरात लागतो, इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही: इमोबिलायझर किंवा इंधन. चावी ‘ऑन’ला ठेवून कान द्या. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घरघर येते. ती येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) आधी बघा. काही गाड्यांत इमोबिलायझर पंपही अडवतो.

इंजिन पेट घेतं आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतं, पुन्हा मारलं की पुन्हा तेच: ही इमोबिलायझरची सगळ्यात ठळक खूण. इंजिनाचा कॉम्प्युटर सुरुवातीला इंधन सोडतो, चावीची ओळख पटली नाही की लगेच तोडतो.

दिवे लख्ख, पण सेल्फ अजिबात लागत नाही: सेल्फचा रिले, क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये नसणं, नाहीतर सेल्फच अडवणारी चोरी-रोधक यंत्रणा. बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर संशय आधी त्याच्यावर.

इमोबिलायझर म्हणजे नेमकं काय? तो आणि अलार्म एकच का?

एक नाहीत. अलार्म हॉर्न वाजवतो. इमोबिलायझर आवाज न करता इंजिन रोखतो.

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला स्वतःचा सेल लागत नाही. चावीच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असलेली एक रिंग असते, म्हणजे अँटेना. चावी ‘ऑन’ केली की रिंग १२५ ते १३५ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर सोडते. चिप त्याच लहरीवर जागी होते आणि आपली सांकेतिक ओळख परत पाठवते. ती जुळली तरच इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, इंधन आणि ठिणगी चालू ठेवतो. मारुतीच्या गाड्यांत ही यंत्रणा ‘आयकॅट्स’ नावाने ओळखली जाते. इतर कंपन्यांचं तत्त्व हेच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. रिमोटचा सेल संपला म्हणून खाचेत चावी फिरवून सुरू होणारी गाडी बंद पडत नाही. रिमोट दारं उघडतो, चिप इंजिन सोडते. दोघं एकाच चावीत राहत असले तरी कामं वेगळी आहेत. म्हणून ‘रिमोट चालतोय, म्हणजे चावी चांगली आहे’ हा निष्कर्षही चुकीचा.

दिवा काय सांगतो?

मीटरवर चावीच्या किंवा कुलूप घातलेल्या गाडीच्या चित्राचा दिवा असतो. गाडी लॉक करून उभी असताना लाल ठिपका थोड्या थोड्या वेळाने चमकत असेल तर ते पहारा चालू असल्याचं चिन्ह; काळजी नको. चावी ‘ऑन’ केल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला, तर बहुतेक गाड्यांत ओळख पटली. ‘ऑन’ केल्यावर तो लुकलुकतच राहिला, तर चावी वाचली जात नाही किंवा वाचलेली ओळख जुळत नाही. दिवा लागलाच नाही, तर त्या यंत्रणेला वीज पोहोचत नसावी. तेव्हा फ्यूज बघा.

सगळ्यात आधी काय करावं?

१. सेल्फ मारणं थांबवा. प्रत्येक प्रयत्नात बॅटरी उतरते, आणि उतरलेल्या बॅटरीने पुढची सगळी लक्षणं फसवी होतात.

२. जुडग्यातून गाडीची चावी एकटी काढा. दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी, स्कूटरची स्मार्ट चावी, ऑफिसचं कार्ड, जाड धातूचा छल्ला किंवा लोहचुंबक रिंगजवळ असेल तर वाचनात अडथळा येतो. दोन गाड्यांच्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवणाऱ्यांकडे हा घोळ हमखास होतो.

३. गाडी बाहेरून चावीने लॉक करून पुन्हा उघडा. अलार्म अर्धवट चालू राहिला असेल तर तो मोकळा होतो.

४. चावी काढून, दारं लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. काही यंत्रणा लागोपाठ चुकीची ओळख मिळाल्यावर थोडा वेळ प्रतिसादच देत नाहीत. नंतर चावी ‘ऑन’ करा, दिवा विझेपर्यंत थांबा, आणि मग सेल्फ मारा.

५. दुसरी चावी वापरून बघा. तिने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीच्या चिपमध्ये. दोन्हींनी नाही झाली तर दोष गाडीच्या बाजूला. या एका चाचणीने गॅरेजमधला निम्मा दिवस वाचतो. म्हणून दुसरी चावी मुंबईच्या कपाटात न ठेवता, प्रवासात गाडीबाहेर, सोबतच्या माणसाच्या बॅगेत असावी.

चावी खाचेत अडकली आणि फिरतच नसेल तर तो स्टिअरिंग लॉक आहे. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवा. जोर करू नका, चावी मोडते.

बटण-स्टार्ट गाडी ‘चावी सापडत नाही’ असं दाखवते. आता?

इथे मात्र चावीतल्या सेलचं महत्त्व आहे. गाडी कमी फ्रीक्वेन्सीवर चावीला हाक मारते आणि चावी तिच्या रेडिओवरून, आपल्याकडे बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर, उत्तर देते. सेल कमजोर असेल तर उत्तर पोहोचत नाही.

त्यावरचा उपाय गाडीतच दिलेला असतो. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबा, चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून धरा आणि बटण दाबा. काही मॉडेलमध्ये चावी ठेवायची जागा कप-होल्डरमध्ये किंवा कन्सोलच्या कप्प्यात असते. त्या जागेवरची अँटेना बिनसेलाची चिप वाचते. दार उघडत नसेल तर चावीत दडवलेलं धातूचं पातं काढा. त्याने दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो. ओळख पटून गाडी ‘ऑन’ झाली की बहुतेक गाड्यांत तो थांबतो.

सेल बदलताना जुन्यावर कोरलेला क्रमांक बघूनच नवा घ्या: सीआर २०३२, सीआर २०२५, सीआर १६२० अशा वेगवेगळ्या जाडीचे असतात. नवा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. बोटांचा घाम सेलच्या कडेला लागू देऊ नका. चावी मोबाइलला चिकटवून ठेवू नका, आणि मोबाइल टॉवरच्या अगदी खाली गाडी अडली तर चावी बटणाजवळ आणून बघा.

क्लच अर्धाच दाबला म्हणून अडलेल्या बटण-स्टार्ट गाड्याही पुष्कळ असतात. पायाखालची जाड चटई बाजूला करून बघा.

गणपतीला गावी आणलेली गाडी महिनाभर पडवीत उभी होती. आता सुरू होत नाही. चोरी-रोधक यंत्रणेने बॅटरी खाल्ली का?

थोडीफार, हो. बंद गाडीतही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि घड्याळ मिळून २० ते ५० मिलिअँपिअर ओढतात. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. छोट्या गाडीतली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तरी साधारण २४ दिवसांत निम्म्यावर येते. तीन-चार वर्षं जुनी बॅटरी त्याआधीच हात टेकते.

मल्टिमीटरने मोजा. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी भार पेलत नाही. अशा वेळी सेल्फ कसाबसा फिरतो, पण व्होल्टेज पडल्याने ईसीएम आणि इमोबिलायझर मध्येच बंद होऊन पुन्हा जागे होतात, ओळख अर्धवट राहते, आणि चावीचा दिवा लुकलुकतो. माणूस चावीला दोष देतो, खरा दोष बॅटरीचा असतो. म्हणून दिवा काहीही सांगो, बॅटरी आधी मोजा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला जंपर केबल जोडताना दोन्ही गाड्या बंद ठेवा. क्रम असा: लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, दुसरं लाल चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळं चांगल्या बॅटरीच्या उणेला, आणि शेवटचं काळं टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. मग चांगली गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि नंतर सेल्फ मारा. सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर तपासा.

वाडीत दुसरी गाडी नसेल, पण घरात इन्व्हर्टर असतोच. त्याची १२ व्होल्टची बॅटरी इन्व्हर्टर बंद करून, त्याच्या तारा सोडवून वापरता येते. आधी केबल जोडून वीसेक मिनिटं तशीच ठेवावी. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर त्यातली एकच बॅटरी, सुटी करून.

गाडी उभी ठेवताना बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं तर चाव्यांची ओळख पुसली जाईल का?

नाही. ती ओळख वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत असते. घड्याळ, रेडिओ आणि काचांची ऑटो सेटिंग मात्र पुन्हा करावी लागू शकते. दहाच्या पान्याने उणे टर्मिनल आधी काढा आणि लावताना शेवटी लावा. डिकी विजेच्या बटणानेच उघडत असेल तर आतलं सामान आधी बाहेर काढा.

खाऱ्या हवेचा इमोबिलायझरशी काय संबंध?

बराच. ही यंत्रणा अगदी कमी विजेच्या संदेशांवर चालते. हेडलाइटच्या वायरला थोडं गंजलेलं कनेक्टर चालून जातं. अँटेनाच्या रिंगला ते चालत नाही. मालवण, देवगड, गुहागर, हर्णैसारख्या ठिकाणी समुद्रासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा फुलोरा लवकर येतो.

पहिली जागा अर्थिंगची. बॅटरीच्या उणेपासून बॉडीला आणि इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या जाड पट्ट्यांचे बोल्ट सोडवा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनलवरचा पांढरा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

दुसरी जागा फ्यूजबॉक्स. इमोबिलायझर, ईसीएम आणि मीटरचे फ्यूज माहितीपुस्तकातल्या नकाशावरून शोधा. वरून चांगला दिसणारा फ्यूजही पायाशी गंजलेला असू शकतो, म्हणून बाहेर काढून बघा. तितक्याच अँपिअरचा नवा घाला. जास्त अँपिअरचा घातला तर वायर जळेल.

तिसरी जागा चावीच्या कुलपाभोवतीची रिंग. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं आवरण तीन-चार स्क्रूंवर असतं. बॅटरी सोडवून ते काढा, रिंगचं कनेक्टर सुटं करा, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लिनर मारा, सुकू द्या, दोन-तीनदा लावून-काढून घट्ट बसवा. रिंगच्या दोन टोकांत मल्टिमीटर अनंत रोध दाखवत असेल तर वेटोळं तुटलं आहे आणि रिंग बदलावी लागेल. ज्या रिंगमध्येच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं तिला ही चाचणी लागू नाही. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका.

चौथी जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं आणि मोहोर साचून पाणी जाण्याची भोकं बुजतात. मग पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून पायाशी उतरतं, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दारं-दिवे सांभाळणारा कॉम्प्युटर, तिथेच आसपास असतं. चटईखाली ओल लागत असेल तर आधी ती भोकं मोकळी करा. मेअखेरीस, पाऊस लागण्याआधी हे काम एकदा कराच.

उंदरांनी वायर कुरतडली असेल तर?

शक्यता मोठी आहे, विशेषतः गाडी मांगराजवळ किंवा पेंढ्याच्या, भाताच्या साठ्याजवळ उभी असेल तर. बॉनेट उघडून बॅटरीमागे आणि इंजिनावर लेंड्या, गवत, चघळलेला फोम दिसतो का बघा. तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळू नका. दमट हवेत तो जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. सोल्डर करून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवून घ्या. डांबरगोळ्यांचा परिणाम काही दिवसांचा असतो. गाडी दर तीन-चार दिवसांनी सुरू करून हलवणं आणि आसपासचं धान्य हटवणं जास्त उपयोगी पडतं.

चावी खाडीत पडली, भिजली. चालेल का?

चिप बंदिस्त असते, ती बहुधा वाचते. रिमोटचं सर्किट धोक्यात असतं. लगेच सेल काढा, चावी उघडा, गोड्या पाण्याने खार धुऊन काढा, शक्य तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पंख्याखाली दिवसभर सुकवा. हेअर ड्रायर, चूल, डॅशबोर्डवरचं ऊन टाळा. सुकवताना चिपचा बारीक तुकडा हरवू नका. कवच बदलून घेताना जुन्या कवचात चिप राहून गेली आणि गाडी ‘अचानक’ बंद पडली, अशा तक्रारी नेहमीच्या आहेत.

गाडी पुराच्या पाण्यात होती.

चावी ‘ऑन’सुद्धा करू नका. २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाडीत इमोबिलायझर हा सगळ्यात छोटा प्रश्न असतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ओल्या सर्किटला वीज दिली तर ईसीएम जळतो. बॅटरीचं उणे टर्मिनल सोडवा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच न्या.

धक्का मारून सुरू करता येईल का?

बॅटरी किंचित कमी असलेल्या मॅन्युअल गाडीत, कधी कधी. इमोबिलायझरने अडवलं असेल तर कितीही धक्के मारा, इंधनच सुटणार नाही. घाटाच्या उतारावर बंद गाडी सोडून बघण्याचा मोह अजिबात नको: इंजिन बंद असताना ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

बाहेरून बसवलेला अलार्म आहे. त्याचं काय?

अशा अलार्मसाठी सेल्फची किंवा इग्निशनची वायर कापून मध्ये एक रिले घातलेला असतो. रिले गंजला किंवा जोड सैल झाला की गाडी मृत. मीटरवरचा कंपनीचा चावीचा दिवा व्यवस्थित विझतोय आणि तरी सेल्फ लागत नाही, तर दोष इथेच शोधा. डॅशबोर्डखाली एक छोटं दडवलेलं बटण असतं, त्याला व्हॅले स्विच म्हणतात. चावी ‘ऑन’ करून ते अलार्मच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबलं की अलार्म बाजूला होतो. पुस्तिका हरवली असेल तर ज्याने बसवला त्याच्याकडून बटणाची जागा आत्ताच विचारून ठेवा. आमचं स्पष्ट मत: कंपनीचा इमोबिलायझर असलेल्या गाडीत किनाऱ्यावर असा वायर कापणारा अलार्म बसवू नये. गिअर लॉक किंवा स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा बरा.

मेकॅनिक म्हणतो, ‘इमोबिलायझर बायपास करून देतो’, म्हणजे तो वगळून गाडी सुरू होईल असं करतो. करावं का?

नाही. गाडी कोणालाही पळवता येईल अशी होते, आणि चोरीचा दावा करताना विमा कंपनी प्रश्न उपस्थित करू शकते. शिवाय मूळ दोष, ओलं कनेक्टर किंवा मरगळलेली बॅटरी, तसाच राहतो.

आधी गाडीतल्या दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. पी०५१३ हा कोड चुकीच्या चावीचा, यू०१६७ इमोबिलायझरशी संपर्क तुटल्याचा, यू०१०० ईसीएमशी संपर्क तुटल्याचा. संपर्काचे कोड आले तर वीज, अर्थिंग आणि कनेक्टर तपासल्याशिवाय कोणतंही मॉड्यूल बदलू देऊ नका. भंगारातला जुना ईसीएम आणून लावला तर त्यात दुसऱ्या गाडीची ओळख असते; तो इमोबिलायझरशी जुळवल्याशिवाय गाडी चालणार नाही.

डुप्लिकेट चावीने दार उघडतं, गाडी सुरू होत नाही. आणि दोन्ही चाव्या हरवल्या तर?

रस्त्यावर कापलेल्या चावीत चिप नसते. चिपवाली चावी घेऊन ती गाडीला ओळखवून द्यावी लागते. त्या वेळी घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत नव्याने ओळख भरताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात, आणि घरी राहिलेली चावी निकामी होते.

दोन्ही हरवल्या तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा आणि आरसी, ओळखपत्र व त्या नोंदीची प्रत घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जा. नवी गाडी घेताना चाव्यांसोबत क्रमांक कोरलेली छोटी पट्टी मिळते. तिचा फोटो काढून पट्टी घरी ठेवा. तो क्रमांक असेल तर चावी लवकर बनते.

मदतीसाठी फोन करताना काय सांगावं?

मॉडेल आणि वर्ष, पेट्रोल की डिझेल, चावी की बटण. सेल्फ लागतो का, इंजिन पेट घेऊन बंद पडतं का. चावी ‘ऑन’ केल्यावर दिवा विझतो, लुकलुकतो की लागतच नाही. दुसरी चावी वापरून बघितली का. मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज. बाहेरचा अलार्म आहे का. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ते आधी सांगा, म्हणजे सपाट पाट्याची गाडी पाठवतील. पुढची चाकं रस्त्यावर घासत ओढली तर गिअरबॉक्स खराब होतो. वाडीत रेंज नसेल तर जवळचं देऊळ, शाळा किंवा एसटीचा थांबा आणि वाट किती रुंद आहे तेही सांगा. आतल्या पाखाडीत टोइंगची गाडी शिरत नाही, तिला कुठे थांबायचं ते आधीच ठरवावं लागतं.